तीन बोटं आत गेलेलं स्टिअरिंग

मंगळवारी संध्याकाळी गेजमास्तरांच्या बायकोने गाडी चालवायचा परवाना जेवणाच्या टेबलावर ठेवला. गेजमास्तरांनी तो उचलला आणि आधी त्याचे चारही कोपरे नीट आहेत का ते पाहिलं.

"खरा आहे," बायको म्हणाली. "अठ्ठावन्नाव्या वर्षी खोटा काढून मी काय करू?"

गेजमास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने त्यांना फक्त पेन्शनचं खातं ओळखत असे. एकतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू गेज लावून मोजायच्या आणि केसभर फरक निघाला तरी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायच्या, हे त्यांचं काम. स्वतः त्यांनी आयुष्यात साधा खिळाही केला नव्हता. त्यामुळे त्यांच्या हातून एखादी वस्तू बिघडल्याचं कोणाला आठवत नसे, आणि त्यांना तर नसेच नसे.

परवान्याचं प्रकरण वर्षभरापूर्वी ह्याच टेबलावर सुरू झालं होतं. मेहुणा जेवायला होता. तो दोन घरं सोडून राहत असल्यामुळे बहुतेक वेळा जेवायलाच असे. बोलता बोलता तो म्हणाला, "भाऊजी, चौतीस वर्षं झाली, ताईला कधी गाडी देणार?"

"परवाना काढू दे. त्याच रविवारी किल्ली तिच्या हातात ठेवतो," गेजमास्तर म्हणाले. ती परवाना काढणार नाही ह्याची त्यांना शंभर टक्के खात्री होती, आणि खात्री असली की माणूस उदार होतो.

"तुम्ही? किल्ली?" मेहुण्याने आपल्या मिशीवरून हात फिरवला. मिशी भरदार होती. तिच्यावर तो पगारी कामापेक्षा जास्त वेळ घालवत असे. "ज्या दिवशी भाऊजी ताईला किल्ली देतील त्या दिवशी ही मिशी उतरवीन. शब्द आहे."

आता परवाना टेबलावर होता आणि रविवार पाच दिवसांवर.

गाडीबद्दल सांगायला हवं. पंचेचाळीस वर्षांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, चार दारांची. जिने ती बनवली ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. गावात तशी दुसरी नाही, असं गेजमास्तर रोज एकदा तरी म्हणत. तिला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागू नये हा घरातला कायदा होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या पुढच्या बंपरवर ओरखडा दिसला, तेव्हा गेजमास्तरांनी दारात येणाऱ्या दूधवाल्याच्या सायकलच्या हँडलची उंची मोजली, ती ओरखड्याशी ताडून पाहिली आणि निकाल दिला. दूधवाला शपथा घेत राहिला. त्या दिवसापासून गेजमास्तर रोज सकाळी दोन किलोमीटर चालत जाऊन पलीकडच्या डेअरीतून दूध आणत. माणूस तत्त्वाचा असला की त्याला चालावं लागतं.

शब्द दिला होता आणि तो ते पाळणार होते. फक्त गाडी देण्यापूर्वी तिची रीतसर तपासणी करणं भाग होतं. बुधवार निवृत्तांच्या संघात गेला. दर बुधवारी ते गाडी घरी ठेवून रिक्षाने जात आणि अकरा ते साडेतीन तिथे अध्यक्ष असत. म्हणून गुरुवारी सकाळी त्यांनी बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता घेऊन गाडीभोवती फेरी सुरू केली. सोळा मुद्दे पास झाले. सतरावा होता स्टिअरिंगच्या मधोमध असलेलं कंपनीचं पितळी चिन्ह. गाडी सरळ उभी असताना ते किंचित डावीकडे झुकलेलं दिसे. दोन वर्षांपासून दिसत होतं आणि दोन वर्षांपासून गेजमास्तर तिकडे पाहायचं टाळत होते. पण आता ही जागा बायकोच्या नजरेसमोर असणार. तिला वाकडी वस्तू द्यायची? शोभलं असतं का?

स्टिअरिंग काढायचं आणि एक दाता उजवीकडे सरकवून परत बसवायचं, एवढंच काम होतं. नट निघाला. स्टिअरिंग निघेना. ते ओढून काढायला पुलर नावाचं अवजार लागतं हे गेजमास्तरांना ठाऊक होतं. पुलर न वापरता हातोडी मारलेल्या कितीतरी वस्तूंना त्यांनी लाल चिठ्ठ्या लावल्या होत्या. पण पुलर घरात नव्हता आणि हातोडी होती.

"एकच टोला," ते स्वतःशी म्हणाले. गुडघ्यांनी स्टिअरिंग मागे रेटत त्यांनी मधल्या दांड्याच्या टोकावर टोला घातला. मग दुसरा. तिसऱ्याला आतून 'कट्' असा आवाज आला, दांडा तीन बोटं आत गेला, त्याच्या पाठोपाठ स्टिअरिंग गेलं, खालच्या झाकणावर घट्ट बसलं आणि हॉर्न सुरू झाला.

हॉर्न थांबेना. खिडकीतून बायकोचा आवाज आला, "अहो, कोण आलंय?"

"कोणी नाही! हॉर्न तपासतोय!"

"मग झाला की तपासून!"

बॅटरीची वायर सापडेपर्यंत समोरच्या तीन खिडक्या उघडल्या होत्या आणि मेहुणा फाटकातून आत आला होता. गेजमास्तरांनी हातोडी सीटखाली सारली आणि ते स्टिअरिंग धरून बसले. ते एवढं लांब गेलं होतं की दोन्ही हात ताठ झाले.

"निरोप घेताय का गाडीचा?" मेहुण्याने खिडकीतून डोकं आत घातलं. "भाऊजी, स्टिअरिंग जरा लांब वाटतंय."

"तू जवळ उभा आहेस म्हणून."

मेहुण्याला ते क्षणभर पटलं. त्या क्षणात गेजमास्तरांनी काच वर केली.

तो गेल्यावर मात्र त्यांना घाम फुटला. गाडी आता रविवारी निघणार नव्हती, आणि जग काय म्हणणार हे स्पष्ट होतं. किल्ली द्यायची वेळ आली आणि नेमकं स्टिअरिंग मोडलं? तेही हातोडीने? तेही ह्यांच्या हातून, ज्यांच्या हातून कधी काही मोडत नाही? मेहुणा मिशी कुरवाळत आयुष्यभर ही गोष्ट सांगणार. त्याचं एक वेळ सोडा. बायको काहीच बोलली नसती. परवाना उचलून कपाटात ठेवला असता, एवढंच. ते न बोलणं त्यांना आत्ताच ऐकू येऊ लागलं. आणि खरं सांगायचं तर, दांडा आत गेला तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखं वाटलं होतं, हे गेजमास्तरांच्या तपासणीतून सुटलं नव्हतं. त्याची त्यांना फार लाज वाटली.

दुपारी बायको बहिणीकडे जायला निघाल्यावर त्यांनी दांडा बाहेर काढला. आत नळी, नळीत दांडा, आणि दोघांना एकत्र धरून ठेवणाऱ्या पिना तुटलेल्या. ते सगळं जुन्या चादरीत गुंडाळून ते फाटकाशी आले, तर बायको छत्री विसरली म्हणून परत येत होती.

"हे काय?"

"पडद्याची दांडी. नीट करून आणतो."

"आपले पडदे खिळ्यांवर आहेत."

"म्हणूनच," गेजमास्तर ठामपणे म्हणाले आणि चालू लागले.

गावात असं काम करणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे जायचं म्हणजे वाघाच्या गुहेत स्वतःहून शिरण्यासारखं होतं. तो टर्नर पूर्वी त्यांच्याच कारखान्यात होता. एकवीस वर्षं त्याने केलेल्या कामांना गेजमास्तरांनी लाल चिठ्ठ्या लावल्या होत्या. शेवटी त्याने वैतागून नोकरी सोडली आणि स्वतःचा लेथ टाकला.

गेजमास्तरांना दारात पाहून टर्नरने मशीन बंद केलं आणि हात पुसले. बराच वेळ पुसले.

"या साहेब. तपासणीला आलात?"

"काम आहे." त्यांनी चादर उलगडली. "हा दांडा पहिल्यासारखा लांब करून पिना बसवायच्या. शनिवारपर्यंत."

"पहिल्यासारखा म्हणजे किती?"

"तीन बोटं."

टर्नरचा चेहरा उजळला. गेली कित्येक वर्षं तो ह्याच वाक्याची वाट पाहत असावा. "तोंडी माप चालत नाही साहेब. ड्रॉइंग आणा."

हे वाक्य गेजमास्तरांचंच होतं. शब्दन् शब्द. त्यांनी मुकाट्याने खिशातून व्हर्नियर काढला, तिथेच स्टुलावर बसून आत गेलेल्या दांड्याची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं घेतली आणि सुबक ड्रॉइंग काढून पुढे केलं. टर्नरने ते उजेडात धरलं.

"सुरेख आहे. पण हे मोडलेल्या दांड्याचं माप. मोडण्याआधी किती होता?"

गेजमास्तरांनी व्हर्नियर मिटला. घरातल्या दाराच्या बिजागऱ्यांपासून सासऱ्यांच्या काठीपर्यंत सगळं मोजून झालं होतं. पस्तीस वर्षं जे हातात धरलं तेवढं मोजायचं राहिलं होतं.

"आतल्या दांड्यावर आठ खाचा आहेत," टर्नर म्हणाला. "कुठली खाच कुठल्या भोकासमोर येते, कोणाला माहीत? चुकलं तर एक तर हॉर्न वाजत राहील, नाहीतर स्टिअरिंग हातात येईल." त्याने ड्रॉइंगवर खडूने लाल फुली मारली. "नापास."

गेजमास्तरांनी फुलीकडे पाहिलं. फुली नियमाप्रमाणे होती, त्यात काही खोट काढता येत नव्हती.

"बरं, माप नंतर पाहू," ते म्हणाले. "पण पिना ह्या वेळी लोखंडी घाल. प्लॅस्टिकच्या पिना! बनवणाऱ्याला अक्कल नव्हती. जन्मभर हलता कामा नये."

"साहेब, त्या तुटायलाच केल्या आहेत. नायलॉनच्या. पुढून धडक बसली की पिना तुटतात आणि दांडा आतल्या आत मिटतो. लोखंडाच्या घातल्या तर दांडा मिटणार नाही."

"तेच तर हवंय."

"मग तो सरळ मागे येईल. चालवणाऱ्याच्या छातीत." टर्नरने तुटकी पीन त्यांच्या तळहातावर ठेवली. तांदळाच्या दाण्याएवढी होती. "गाडी कोण चालवणार आहे?"

गेजमास्तरांनी पीन मुठीत धरली. रविवारी गाडी कोण चालवणार होतं हे त्यांनी टर्नरला सांगितलं नव्हतं. "नायलॉन," ते कसंबसं म्हणाले. "नायलॉनच घाल."

त्यांचा पडलेला चेहरा पाहून टर्नरला काय वाटलं कोण जाणे. एकवीस वर्षांचा राग म्हटला तरी त्यालाही गंज चढतोच. तो मागच्या खोलीत गेला आणि धूळ झटकत एक कागद घेऊन आला.

"अशीच एक गाडी दोन वर्षांपूर्वी आली होती. तिचं ड्रॉइंग ठेवलंय."

"अशी दुसरी गाडी गावात नाही."

"आली होती," टर्नर छताकडे बघत म्हणाला. "हेच काम. गाडीच दारात होती, म्हणून बसवून पाहत माप जुळवलं. खाच पाचवी, लांबी ही."

गेजमास्तरांनी कागद ओढून घेतला. मापं चोख होती. खाली 'गिऱ्हाइकाच्या सूचना' असं लिहून टर्नरने तीन ओळी उतरवल्या होत्या: पिना नायलॉनच्याच, कोणीही कितीही आग्रह केला तरी लोखंड नको. गाडीवर बोटाचा डागही पडता कामा नये. आज बुधवारीच, साडेतीनच्या आत ती जागेवर परत हवी.

"कोण हा माणूस?" गेजमास्तरांच्या आवाजात असूया होती आणि आदरही होता. "वेळेचा काय पक्का आहे!"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नाही. तुमचंही कोणाला सांगणार नाही."

दांडा शुक्रवारी रात्रीच तयार होता, पण तो आणायला जाणं शनिवार सकाळवर गेलं, कारण मधल्या काळात गेजमास्तरांना पडद्याची दांडी विकत आणून बसवावी लागली. बायकोने ती विसरू दिली नाही. त्यांनी ती बसवली. उभ्या आयुष्यात स्वतः केलेली ती पहिली वस्तू, आणि ती एका बाजूला दोन बोटं खाली आली. बायकोने दहा पावलं मागे जाऊन पाहिलं आणि ती म्हणाली, "छान आहे." गेजमास्तरांना रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी टर्नरने तयार दांडा पुढे ठेवला आणि कोरी तपासणीची चिठ्ठी त्यावर ठेवली. "तुम्हीच तपासा."

गेजमास्तरांनी व्हर्नियर तीनदा लावला. दांडा ओढून, दाबून, फिरवून पाहिला. मग चष्मा काढला. "पास," ते म्हणाले.

टर्नर खाली स्टुलावर बसला. "परत म्हणा."

"पास," गेजमास्तर म्हणाले आणि त्यांनी सही केली. एकवीस वर्षांत हे त्याला एकदा तरी म्हणायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, आणि ते तसं बोललेही. टर्नरने घाईघाईने मशीन सुरू केलं.

दुपारी दांडा बसला, स्टिअरिंग बसलं, चिन्ह ओळंब्यासारखं सरळ. पेट्रोलच्या नावाखाली त्यांनी एक फेरीही मारून पाहिली. रात्री जेवताना त्यांना राहवेना.

"गावात आपल्यासारखी अजून एक गाडी आहे म्हणे."

बायकोचा घास हातात थांबला. "कोण म्हणालं?"

"कानावर आलं. मालक फार नीटनेटका आहे. शिस्तीचा. मला तो माणूस भेटला पाहिजे."

"भेटेल की," बायको म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. पाण्याने भरलेला तांब्या टेबलावरच होता.

रविवारी सकाळी मेहुणा आंघोळ करून, मिशीला तेल लावून हजर झाला. "काय भाऊजी, काय बिघाड झालाय?"

"कशात?" गेजमास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं किल्लीवरून निघायला जरा वेळ लागला, पण निघाली. "घे. तुझी गाडी."

मेहुण्याचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"पहिली फेरी कुठे?" गेजमास्तरांनी विचारलं.

"सलूनला," बायको भावाकडे बघत म्हणाली. "बस मागे."

ती आत बसली. न बघता तिने सीट दोन खाचा पुढे घेतली. गाडी फाटकातून उलटी काढायची होती. दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा. गेजमास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी रस्त्यावर होती. दुसरा गिअर टाकताना दांडी आधी किंचित वर उचलून मग मागे ओढावी लागते. ही खोड त्यांनी जगात कोणालाच सांगितली नव्हती. बायकोने दांडी किंचित वर उचलली आणि मागे ओढली.

गेजमास्तरांनी ते मनात टिपून ठेवलं. एकतीस वर्षांची सवय होती. पुरावा पुरता जमा होईपर्यंत चिठ्ठी लावायची नाही.

सलूनपाशी तिने गाडी कडेला लावली. मेहुणा फाशी जाणाऱ्यासारखा आत गेला. गाडीत दोघंच राहिले. बायको पितळी चिन्हाकडे बघत होती.

"हे सरळ झालंय," ती म्हणाली.

"वाकडं होतं ते तुला कसं ठाऊक?"

तिने चिन्हावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "टर्नरने पिना नायलॉनच्याच घातल्या ना? मागच्या वेळी लोखंडाच्या घालू का, असं विचारून त्याने त्यातला धोकाही सांगितला होता. मी सांगितलं, गाडी आमचे हे चालवतात, लोखंड नको."

गेजमास्तरांना आधी राग यायला हवा होता. तो येत असल्यासारखा वाटलाही, पण शेवटचं वाक्य मधे आलं.

"दर बुधवारी?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं. तुमची बैठक सुरू झाली की माझी सुरू. एकदाच चुकलं, उलटा म्हणून पहिला गिअर टाकला आणि कठड्याला टेकली. स्टिअरिंग तीन बोटं आत." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचं कितीने गेलं?"

"तीन बोटं," गेजमास्तर म्हणाले. एवढं म्हणून ते हसायला लागले, ते थांबेचनात. मग एकदम थांबले. "म्हणजे बंपरचा तो ओरखडा?"

"कठड्याचा."

"आणि दूधवाला?"

"बिचारा."

"दोन वर्षं मी रोज दोन किलोमीटर चालत जाऊन दूध आणतोय! तू एका शब्दाने बोलली नाहीस?"

"डॉक्टर तुम्हाला चालायला सांगत होते," बायको म्हणाली. "ऐकत होतात का कोणाचं?"

तेवढ्यात मेहुणा बाहेर आला. मिशीविना त्याचा चेहरा कोणीतरी पाटी पुसल्यासारखा दिसत होता. तो मागे बसला. बायकोने गाडी सुरू केली.

"आता घरी?"

"दूधवाल्याकडे," गेजमास्तर म्हणाले.

"जवळच आहे. चालत जाता?"

"नको," गेजमास्तरांनी सीटला पाठ टेकली. "तू चालव. मला माफी कशी मागतात ते आठवायचंय."